यातला माझा रकाना कुठला?

काळाचौकीतल्या आमच्या चाळीत तळमजल्यावर अण्णा राहतात. वय सत्त्याहत्तर. गिरणीत साचे चालवले, संप बघितला, मग एका सोसायटीत रखवालदारी केली. गेल्या वर्षी एका रविवारी मी त्यांच्यासमोर माझा लॅपटॉप ठेवला. आम्ही चार-पाच मित्रांनी मिळून गिरणगावातल्या आठवणींची वेबसाइट सुरू केली होती. ज्यांनी गिरणीत काम केलं त्यांनी स्वतः लिहायचं, आम्ही फक्त जागा द्यायची, एवढीच कल्पना होती. अण्णांच्या नावाने खातं उघडलं, 'नवीन नोंद' हे बटण दाबलं आणि म्हटलं, "अण्णा, लिहा."

त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि स्क्रीन वरपासून खालपर्यंत बघितली. शीर्षक, मजकूर, सारांश, स्लग, कॅटेगरी, टॅग, फीचर्ड इमेज, प्रकाशनाची तारीख, प्रतिक्रिया चालू की बंद... मी नंतर मोजले, एकोणीस रकाने होते. अण्णांनी बोट वर-खाली फिरवलं आणि विचारलं, "अरे, यातला माझा रकाना कुठला?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेली सहा वर्षं लोकांना फॉर्म बनवून देतो, त्यावर माझं घर चालतं. हा प्रश्न मला आजवर कुठल्याही क्लायंटने इतक्या सरळ विचारला नव्हता.

आधी थोडं आमच्या धंद्यातलं. तुम्ही वाचता त्या बहुतेक वेबसाइटच्या मागे एक व्यवस्थापन प्रणाली असते. आम्ही तिला सीएमएस म्हणतो. वाचकाला पान दिसतं. लिहिणाऱ्याला त्या पानामागचा फॉर्म दिसतो. हा फॉर्म सगळ्यांना सारखाच दिसला पाहिजे असं नाही. बातमीदाराला मजकुराची चौकट पुरते, उपसंपादकाला मथळा आणि वर्गवारी लागते, प्रसिद्ध करण्याचं बटण संपादकाच्या हातात असतं. म्हणून प्रत्येक माणसाला आम्ही एक 'भूमिका' देतो आणि भूमिकेनुसार रकाने दाखवतो किंवा लपवतो.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. वर्डप्रेस २००३ मध्ये सुरू झालं तेव्हा वापरणाऱ्यांना शून्य ते दहा अशा पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवरच्याला जास्त अधिकार, खालच्याला कमी. म्हणजे 'तुम्ही काय काम करता' यापेक्षा 'तुम्ही किती मोठे' हेच विचारलं जायचं. डिसेंबर २००५ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीने या पायऱ्यांच्या जागी भूमिका आणल्या: ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्युटर, सबस्क्रायबर. ही कल्पना त्याहूनही जुनी. अमेरिकेतल्या मानक संस्थेतले डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ मध्ये एक निबंध मांडला. त्याचा मुद्दा असा की अधिकार माणसाला चिकटवू नका, कामाला चिकटवा. इस्पितळात डॉक्टर बदलतात, नर्स बदलतात. पण डॉक्टरने काय लिहायचं आणि नर्सने काय, हे सहसा बदलत नाही. माणूस आला की त्याला भूमिका द्या, गेला की काढून घ्या.

कागदावर हे अगदी न्याय्य वाटतं. मलाही वाटायचं.

त्या रविवारी रात्री मी कामाला लागलो. अण्णांसाठी 'कामगार' ही भूमिका तयार केली. एकोणीसपैकी बहुतेक रकाने लपवले. एक अडचण लगेच आली. वर्डप्रेसमध्ये कॉन्ट्रिब्युटरला लिहिता येतं, पण प्रसिद्ध करता येत नाही आणि फोटोही चढवता येत नाही. अण्णांकडे तर सांगण्यासारखं निम्मं फोटोतच होतं. म्हणून फोटोची परवानगी वेगळी जोडली. आता प्रश्न उरला की कामगाराला नेमके कुठले रकाने द्यायचे. मी कपाट उघडलं आणि माझ्या आजोबांचं गिरणीचं ओळखपत्र काढलं. त्यावर होतं तेच उचललं: नाव, गिरणी, खातं, तिकीट नंबर, कामाला लागल्याची तारीख. शेवटी मी माझ्याकडून एक मोठी चौकट जोडली, 'आठवण'. पहिले पाच रकाने सक्तीचे केले, म्हणजे माहिती नीट राहील. झोपताना स्वतःवर खूश होतो.

आपण काय केलं हे कळायला मला आठवडा लागला. गिरणीच्या मालकाने कामगाराला जे प्रश्न विचारले होते, तेच मी पुन्हा कामगाराला विचारत होतो.

गिरणीतल्या कागदांचा इतिहास बघितला तर तो 'कोण लिहिणार' याचाच इतिहास आहे. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली. कंपनी १८५४ ची, उत्पादन सुरू झालं १८५६ मध्ये. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, शिवडी, काळाचौकीत गिरण्या उभ्या राहिल्या. इंडिया युनायटेडच्या दोन आणि तीन नंबरच्या गिरण्या आमच्या काळाचौकीतल्याच. आता तिथे कापड उद्योगाचं संग्रहालय करण्याचा पालिकेचा प्रकल्प आहे. या गिरण्यांत माणसाची भरती साहेब करत नसे, जॉबर करायचा. कोणी त्याला मुकादम म्हणत. बायकांच्या खात्यात नायकीण असायची. सकाळी दरवाजावर कोणाला आत घ्यायचं, कोणाला परत पाठवायचं, हे त्याच्या तोंडावर. मस्टर टाइमकीपर भरायचा. ज्याच्या घामावर हे सगळं चालायचं, त्याच्या वाट्याला अंगठा किंवा सही.

१९३१ मध्ये व्हिटली आयोगाने अहवाल दिला आणि भरतीचा, कामावरून काढण्याचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्यावा असं सुचवलं. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालक संघाने बदली कामगारांसाठी नवी पद्धत आणली. दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक माणसांना बदली कार्ड द्यायचं. कार्डवाल्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर व्हायचं. कोणी कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी यांच्यातून माणूस घ्यायचा. जॉबरच्या मर्जीला कागदाने थोडा लगाम बसला. पण कागदावर 'बदली' ही भूमिका पक्की झाली. माणूस तोच, साचा तोच. फक्त रकाना वेगळा. बदलीला काम मिळेल त्या दिवसाचाच पगार.

या कागदांत कामगाराला स्वतःचं म्हणणं लिहायला कुठेच जागा नव्हती. ती त्याला बाहेरून तयार करावी लागली. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० जणांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यात आठवड्याला एक सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार, जखमी झाल्यास भरपाई अशा मागण्या होत्या. यातली एकही गोष्ट मस्टरमध्ये मावणारी नव्हती. रविवारची सुट्टी मान्य झाली ती १० जून १८९० रोजी. मी अण्णांसमोर लॅपटॉप ठेवला तो रविवारही तिथूनच आलेला.

पुढे कायदा आला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने ठरवलं की एका भागातल्या एका उद्योगात कामगारांच्या वतीने एकाच प्रातिनिधिक संघटनेने बोलायचं. मुंबईच्या कापड उद्योगात ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. आमच्या भाषेत सांगायचं तर लिहिणारे लाखो, पण 'सबमिट'चं बटण एकाच खात्यात. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार, बोनस आणि बदलींना कायम करणं या मागण्या होत्याच, पण हा कायदा रद्द करा हीसुद्धा मागणी होती. रस्त्यावर माणसं एकीकडे होती आणि कायद्याने मान्य केलेला आवाज दुसरीकडे. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. अण्णा आजही म्हणतात, "संप चालूच आहे, फक्त आम्ही म्हातारे झालो."

आणि मग तेच जुने कागद एकदम मोलाचे झाले. बंद गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरं द्यायचं ठरलं, म्हाडाने अर्ज मागवले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असणं ही मुख्य अट होती. २८ जून २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं होती आणि अर्ज लाखाहून जास्त. तीस वर्षांपूर्वी टाइमकीपरने काय लिहिलं, यावर मुंबईत घर मिळण्याची शक्यता येऊन थांबली. आमच्या चाळीत त्या काळात पत्र्याच्या ट्रंका उपसल्या गेल्या, हे मला शाळकरी वयातलं आठवतं. तिकीट, ओळखपत्र, फंडाची पावती, काहीही चालेल म्हणून शोधाशोध. आजोबा गेले होते. आजीने ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलं होतं. तेच मी रकान्यांसाठी काढलेलं.

आता मावशीची गोष्ट. मावशी शेजारच्या चाळीतल्या. त्यांची खानावळ होती. पूर्वी गिरणगावात गावाहून आलेले पुरुष एकेका खोलीत पाळीपाळीने दहा-पंधरा जण राहायचे आणि महिन्याच्या बोलीवर बायकांकडे जेवायचे. या बायकांना कामगार म्हणून कोणी मोजलं नाही. सावकाराच्या व्याजात पिचलेल्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने एकत्र आणलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली. बँकेच्या अर्जावर 'व्यवसाय' या रकान्यात तेव्हा त्यांच्यातल्या अनेकींना पहिल्यांदा स्वतःचं काम लिहिता आलं असेल.

मावशींना वेबसाइटचं कळलं आणि त्या नातीचा फोन घेऊन आल्या. नातीनेच खातं उघडलं होतं. मी 'कामगार' भूमिका दिली. दोन दिवसांनी नात म्हणाली, "दादा, ते सेव्हच होत नाही." मी फोन बघितला. मावशींनी आठवणीच्या चौकटीत भरभरून लिहिलं होतं, म्हणजे बोलून लिहवून घेतलं होतं. पण 'गिरणी', 'खातं', 'तिकीट नंबर' रिकामे. फॉर्म लाल अक्षरांत सांगत होता: हा रकाना भरणं आवश्यक आहे.

मी तिथल्या तिथे हुशारी केली. 'खानावळ' अशी वेगळी भूमिका बनवली आणि ते तीन रकाने तिच्यापासून लपवले. तरी सेव्ह होईना. ही आमच्या धंद्यातली जुनी, लाजिरवाणी चूक आहे: सक्तीचा रकाना लपवला तरी प्रणालीच्या लेखी तो सक्तीचाच राहतो. ब्राउझरमध्ये दिसत नाही, पण सर्व्हर तो मागतच बसतो. आता तर लाल अक्षरंही रकान्याबरोबर लपलेली. मावशी बटण दाबत होत्या आणि काहीच होत नव्हतं. का होत नाही, हेही त्यांना दिसत नव्हतं.

उलट बाजूनेही हेच खरं आहे, हे तरुण मित्रांना सांगून ठेवतो. रकाना लपवला म्हणजे कुलूप लागलं असं नाही. ज्याला युक्ती माहीत आहे तो लपवलेल्या रकान्यातही मजकूर पाठवू शकतो. परवानगी सर्व्हरवर तपासावी लागते. लपवणं ही सोय आहे, पहारा नाही.

मी लॅपटॉप घेऊन मावशींच्या खोलीत बसलो तेव्हा त्यांनी फळीवरून वह्या काढल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबट. मावशींना चौथीपर्यंतचं लिहिता-वाचता येतं. १९७१ च्या वहीत त्यांनी स्वतः रेघा मारून रकाने पाडले होते: नाव, गाव, पाळी, सकाळ, रात्र, बाकी. जेवला की फुली. पाळी बदलली की नवी ओळ. मी पानं उलटत होतो आणि एका ओळीवर थांबलो. अण्णांचं नाव होतं, पुढे गाव, आणि पाळीच्या रकान्यात 'बदली'.

अण्णांचं ओळखपत्र १९७४ चं आहे, कायम झाले तेव्हाचं. त्याआधीची तीन वर्षं ते सकाळी दरवाजावर उभे राहायचे, काम मिळालं तर आत, नाही तर परत. त्या वर्षांचा त्यांच्याकडे एकही कागद नाही. मावशींच्या वहीत मात्र दिसत होतं, कुठल्या आठवड्यात बाकी वाढली, म्हणजे काम मिळालं नाही. कुठल्या आठवड्यात फिटली. वहीतल्या फुल्या कोणाला घर मिळवून देणार नाहीत. पण अण्णांची ती तीन वर्षं जगात फक्त तिथे लिहिलेली आहेत, आणि ती अशा बाईने लिहिली जिला मी माझ्या फॉर्ममधून नकळत बाहेर ठेवलं होतं.

मावशींच्या रेघा बघताना मला गावचा सातबारा आठवला. आमचं गाव पाटण तालुक्यात. सातबारा म्हणजे दोन गाव नमुने एकत्र: सात नंबरचा मालकी-हक्काचा, बारा नंबरचा पिकांचा. भूमिकांची वाटणी बघायची असेल तर इतकं चांगलं उदाहरण नाही. जमिनीत बदल झाला की फेरफार तलाठी नोंदवतो. हरकतींसाठी नोटीस निघते. मंडळ अधिकारी तपासून प्रमाणित करतो. त्यानंतरच सातबारा बदलतो. लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. आमच्या सीएमएसमध्ये 'मसुदा' आणि 'प्रकाशित' यांच्यामध्ये असतं तेच. पण बारा नंबरचा पिकाचा रकाना पिढ्यान्‌पिढ्या तलाठीच भरायचा, आणि शेतात काय पेरलंय हे तर शेतकऱ्यालाच सगळ्यात आधी माहीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आता शेतकरी मोबाइलवरून आपलं पीक स्वतः नोंदवतो, शेतात उभं राहून फोटो काढतो, आणि तपासणी महसूल खात्याकडे राहते. माझे चुलत काका पहिल्या वर्षी रेंज शोधत बांधावर फिरले, अंगठ्याने चुकीचं पीक निवडलं, शेवटी मुलाला बसवलं. त्रास झालाच. पण तो रकाना त्यांच्या हातात आला. मालकीचा रकाना आला नाही, आणि येऊही नये. तिथे शेजाऱ्याचाही हक्क गुंतलेला असतो.

मग मी आमचा फॉर्म नव्याने मांडला. आधी मी विचारत होतो, 'या माणसाला काय काय दाखवायची गरज नाही?' आता विचारलं, 'ही गोष्ट फक्त याच माणसाला माहीत आहे, ती कुठे लिहील?' भूमिकांची नावं बदलली. 'कामगार' आणि 'खानावळ' काढून टाकल्या; 'सांगणारा', 'तपासणारा' आणि 'मांडणारा' अशा तीन ठेवल्या. सांगणाऱ्याला चारच रकाने दिसतात: तुम्ही कोण, कुठे, केव्हा, आणि काय सांगायचंय. खाली फोटो. 'तुम्ही कोण' हा यादीतून निवडायचा रकाना होता, तो मोकळा केला. गिरणी आणि तिकीट नंबर आहेत, पण सक्तीचे नाहीत, आणि ते तपासणाऱ्याच्या पानावर गेले. त्याने सांगणाऱ्याला विचारून भरायचे. कॅटेगरी, टॅग, स्लग मांडणाऱ्याकडे. सांगणाऱ्याचा मजकूर तपासणारा बदलू शकत नाही, फक्त शेजारी शंका लिहू शकतो. माझ्या एका मित्राला हे पटलं नाही. तो म्हणाला, अशाने माहिती विस्कळीत होईल, शोधता येणार नाही. त्याचं खरं आहे. एका गिरणीच्या सगळ्या नोंदी एका क्लिकवर आमच्याकडे अजून मिळत नाहीत. तो भार तपासणाऱ्यावर, म्हणजे आमच्यावर पडतो, आणि महिन्यातले दोन रविवार त्यात जातात.

मावशींची नोंद पहिली लागली. 'तुम्ही कोण' मध्ये त्यांनी नातीला लिहायला सांगितलं: "बावीस माणसांना जेवण घालणारी." संपाच्या वर्षात बाकी कोणाची राहिली, हे वहीत आहे, ती पानं मात्र त्यांनी फोटोसाठी दिली नाहीत. "लोकांची लाज आहे ती," म्हणाल्या. त्यासाठी फॉर्ममध्ये एक छोटी खूण जोडली: हे फक्त जपून ठेवा, दाखवू नका.

नंतर अण्णांना पुन्हा लॅपटॉप दिला. त्यांनी चार रकाने वाचले. दुसऱ्यात 'काळाचौकी' लिहिलं. तिसऱ्यात, 'केव्हा' समोर, बराच वेळ थांबले आणि मग १९७१ असं टाकलं.

"कार्डावर तर चौऱ्याहत्तर आहे," मी म्हटलं.

"कार्ड त्यांचं," अण्णा म्हणाले, आणि पुढे लिहायला लागले.